ऑर्फावहिनीचं वरच्या मजल्यावरचं घर

माझी ऑर्फावहिनी लग्न होऊन आली ती थेट चर्चच्या घरात. माझा दादा, रेव्हरंड एल्डन झ्विकर, पाळक. आमच्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद मिळून, पाळकाला पगाराबरोबर घरही देते. देते म्हणजे राहायला देते. भिंती मंडळीच्या, किटली मंडळीची, आणि किल्ली गावातल्या निम्म्या बायकांच्या पर्समध्ये. गावं बदलली, घरं बदलली, किल्ल्यांचं काही बदललं नाही. शेवटच्या गावात तर वहिनी न्हाणीघरात असताना घर-समितीच्या मर्ल हिमेलमन पडद्यांची मापं घ्यायला टेप घेऊन आत शिरल्या. वहिनी टॉवेल गुंडाळून बाहेर आली, तर मर्लबाई म्हणाल्या, "तुमचं चालू द्या हो, मी काय परकी आहे?"

दादा निवृत्त झाला तेव्हा ते घरही सोडावं लागलं. पासष्टी उलटलेली आणि डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही. मग वर्षभर दोघं माझ्या माडीवर राहिली. त्याच वर्षी वहिनीची व्हेस्टा मावशी गेली. बिनलग्नाची, तळ्याकाठच्या रानात एकटी राहणारी. जाताना ते रान वहिनीच्या नावावर करून गेली, आणि हॅलिफॅक्स शहरातल्या कुणीतरी ते चांगल्या भावाने घेतलं.

ब्रिजवॉटरला नदीकाठी तेव्हा एक देखणी इमारत नुकतीच पुरी झाली होती. लहानशीच, मोजून सहा घरं, पण लिफ्ट, दगडी फरशी, गाड्यांसाठी ऊबदार तळघर, सगळं अगदी श्रीमंती थाटाचं. वहिनीने वरच्या मजल्यावरचं सगळ्यात मोठं घर पसंत केलं, सही केली, आणि मग दादाला सांगितलं.

"झोपायच्या तीन खोल्या? अगं, आपण दोघं!" दादा म्हणाला.

"एकीत झोपू, एकीत तुझी पुस्तकं. एक नुसती रिकामी ठेवणार आहे."

"ऑर्फा, जन्मभर मी लोकांना सांगत आलो, उंट सुईच्या नेढ्यातून जाईल, पण श्रीमंत माणूस देवाच्या राज्यात..."

"उंटालाही आण. लिफ्ट मोठी आहे."

राहायला गेल्यावर मी पहिल्यांदा भेटायला गेले, तर तिने मला खोल्या दाखवल्याच नाहीत. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "ऐक."

"काही ऐकू येत नाहीये."

"तेच," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दादाला मात्र ते घर मानवेना. कुणी विचारलं, रेव्हरंड, हल्ली कुठे असता? तर म्हणायचा, "असतो नदीच्या बाजूला. देवाच्या दयेने चाललंय." पुढच्या काचेच्या दाराने जायची त्याला लाज वाटायची. कचऱ्याच्या डब्यांपाशी मागचं दार होतं, तिथून ये-जा करायचा. बर्फ पडला की फावडं घेऊन पायऱ्या मोकळ्या करायचा, कुणी घसरू नये म्हणून वर मिठाचे खडे टाकायचा. त्या कामाला खरं तर माणूस ठेवलेला होता. वहिनी चिडायची. तो म्हणायचा, "कुणी बघितलं तर निदान हातात फावडं असू दे."

मार्चमध्ये एका सोमवारी मी तिथेच होते. घंटी वाजली. दाराजवळच्या छोट्या पडद्यावर खाली उभी असलेली माणसं दिसतात. पाहते तर मर्ल हिमेलमन, त्यांची बहीण आयडा, आणि दोघींच्या हातात मोठाले खोके. दादा पुस्तक तसंच हातात धरून उठला. वहिनीने केस धुतले होते, अंगात गाऊन. तिने क्षणभर बटणाकडे पाहिलं, मग दाबून म्हणाली, "मर्ल, आज नाही जमायचं. गुरुवारी दुपारी या."

दादाच्या तोंडचं पाणीच पळालं.  मग मर्लबाई म्हणाल्या, "बरं. गुरुवारी येतो."

आणि गेल्या. एवढंच. वहिनी भिंतीला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

गुरुवारी दोघी आल्या. खोक्यांतून दोन रजया निघाल्या, आंबवलेल्या कोबीच्या बरण्या निघाल्या, डबाभर चाउडर, माशाचं दाट दुधाळ सूप, निघालं. मर्लबाई दारातच उभ्या राहिल्या, आत लांबवर नजर टाकली आणि हळू आवाजात विचारलं, "रेव्हरंड, मालक घरात नाहीत ना?"

"कोण मालक?"

"ज्यांच्याकडे तुम्ही कामाला आहात ते."

दादाला काही उमगेना. मग आयडाबाईंनीच सांगितलं. त्यांनी दादाला मागच्या दाराने शिरताना पाहिलं होतं, मीठ टाकताना पाहिलं होतं. विचारलं तर तो धड सांगायचा नाही. मंडळीत सगळे धरून चालले होते, की रेव्हरंडांनी या वयात रखवालदारी पत्करलीय आणि तळघरातल्या खोलीत दिवस काढताहेत.

"झोप लागेना हो आम्हाला," मर्लबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं तुमच्याकडून सेवा घेतली, आणि शेवटी हातात बॅगा देऊन वाटेला लावलं."

दादा कानापर्यंत लाल झाला. "मर्ल, हे घर आमचं आहे. म्हणजे ऑर्फाचं. तिच्या मावशीच्या कृपेनं."

"हे? सगळं?"

"सगळं. पलीकडचा सज्जासुद्धा."

मर्लबाई धपकन सोफ्यावर बसल्या. "सुटले गं बाई!" म्हणाल्या, आणि हातरुमालाने डोळे पुसता पुसता एकदम तडकल्या, "मग सांगायला काय झालं होतं? आठवडाभर मी कोबी चिरतेय!"

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल पाळक माजला."

"म्हटलंच असतं. पंधरा दिवस म्हटलं असतं, मग विसरलो असतो."

आधी आयडाबाई हसल्या, मग वहिनी, मग दादा. इतकं मोकळं हसताना मी त्याला फार दिवसांनी पाहिलं. चाउडर गरम करून आम्ही सगळे पोटभर जेवलो. नंतर बायका कुणाच्या नातवाचं लग्न ठरलं, कुणाची बोट विकली, यावर बोलत राहिल्या. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. बघता बघता त्याची मान कलली आणि तो घोरायला लागला. मर्लबाईंनी त्याच्या गुडघ्यांवर रजई टाकली आणि आवाज खाली आणला.

"असू दे," वहिनी म्हणाली. "मोठ्यानं बोला. आता नाही उठायचा तो."