कुलूप बदललं, चावीचं काय?

मित्रांनो, आज सकाळी कॉलेजच्या सर्व्हरवरचे जुने एन्क्रिप्शन प्रोटोकॉल बंद केले. कच्चं कुलूपच होतं ते, कोणीही तोडलं असतं. वरून आदेशही होता.

दुपारी दरेकसा गावाहून ऑनलाइन सेंटरवाल्या ताईंचा फोन आला. "सर, साइट काऊन उघडत नाही जी? पोरी फॉर्म भराले बसून राहिल्या."

त्यांचा कॉम्प्युटर जुन्या विंडोज एक्सपीवाला, त्यावर नवा ब्राउझर चढत नाही, आणि जुन्या ब्राउझरला नवं कुलूप उघडत नाही. आणि आज फॉर्मची शेवटची तारीख.

"ताई, कुलूप जुनं झालं होतं, म्हणून बदललं."

"चांगलं केलं जी. मंग आमची चावी?"

जुनं परत सुरू करायचा हक्क मला नाही, मुदत वाढवायचाही नाही. तरी तोंडातून निघालं, "पाहतो."

"पाहा जी, आमी बसून आहो."

पाच वाजता मुदत संपली. फोन करायची हिंमत होत नाही. त्या अजून बसून असतील का हो?