मतपत्रिकेवरची हळद

साल सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही बरोबर निशाणी ओळखाल, आणि माझं मत अजून गुप्त आहे. सत्तरच्या दशकातलं, एवढं पुरे.

मी बावीस वर्षांची होते. गिरडकडच्या खेड्यातून लग्न होऊन वर्ध्याच्या दोन खोल्यांत आले, त्याला दोन वर्षं झाली होती. हे शाळेत मास्तर. सकाळी जात, संध्याकाळी येत. मधल्या वेळात बोलायला भिंतीवरची पाल तेवढी. ती उत्तर देत नसे, पण ऐकून घ्यायची.

मतदानाच्या दिवशी यांनी मला निशाणी सांगितली, वांग्याची भाजी कर म्हणून सांगावं तशी. "त्याच्यावर शिक्का मारजो. दुसरं पाहू नको."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी तेव्हा तालुक्यात पहिली आले असते. वरणाला हळद घातली, हात पदरालाच पुसला आणि शेजारच्या काकूंबरोबर निघाले.

पडद्यामागे हातात कागद, शिक्का, आणि बघणारं कुणी नाही. लग्न झाल्यापासून 'तुले काय वाटते' असं मला कुणी विचारलं नव्हतं. तो कागद विचारत होता. यांची निशाणी ओलांडून मी खालच्या निशाणीवर शिक्का मारला. कारण काही मोठं नव्हतं. बाजारात त्या बाजूचा माणूस भाषण मध्येच थांबवून बायकांना म्हणाला होता, पुढे येऊन बसा. बस, एवढंच.

मग पाहते तर शिक्क्याशेजारी माझा पिवळा अंगठा, रेषेरेषेनिशी! थुंकी लावून घासला, तर आणखी पसरला. कशीबशी घडी घालून कागद पेटीत टाकला.

"काऊन वं, घामाघूम झाली?" काकू म्हणाल्या. "मत द्याले गेलती का दळण दळाले?"

खरा घाम जेवताना फुटला. हे म्हणाले, "मोजणीले माही ड्यूटी लागली. सगळ्या पेट्यातले कागद मिसळवतेत, अन् मंग आम्ही निवडतो."

झालं! लाखांनी कागद, पण माझी खात्री, तो अंगठा थेट नवऱ्याच्याच हाती पडणार आणि ते म्हणणार, अरे, ही तर आपल्या घरची हळद!

मोजणीच्या रात्री मी एकटी रेडिओ लावून बसले. दूरदूरच्या गावांचे निकाल येत, मध्ये सतार वाजे. मी भांडणाची उत्तरं पाठ करत होते: ते असं म्हणाले तर मी असं म्हणेन. खरं सांगू? त्या भांडणाची मी वाटच पाहत होते. रागावून का होईना, कुणी तासभर माझ्याशीच बोलणार होतं.

पहाटे आमचा निकाल लागला. यांची निशाणी पडली, माझी आली. मी टाळी वाजवली, एकच. रिकाम्या खोलीत ती फार मोठी वाजली.

उजाडल्यावर हे आले, डोळे लाल. पाण्याचा तांब्या देत मी सहज विचारल्यासारखं केलं, "कागद स्वच्छ होते का हो?"

"कायचे स्वच्छ! तेल, तंबाखू, हळद. बायका मत देऊन राह्यल्या होत्या का भाजी फोडणीले टाकून राह्यल्या होत्या, देवाले माहीत."

"हळद कोणाची होती?"

"मले का माहीत? शेकड्यानं होते तसे." टॉवेल घेऊन ते अंगणात गेले. पाठ केलेलं एकही उत्तर कामी आलं नाही.

अंगणात ते शेजाऱ्यांना सांगत होते, "आमच्या घरची तं दोन्ही मतं वाया गेली."

दोन्ही! मी स्टो पेटवला, तुपात रवा भाजला आणि शिरा केला.

"हारलो आपण, अन् शिरा काऊन?"

"तुम्ही रातभर जागले ना."

त्यांनी दोनदा मागून खाल्ला, चांगला झाला म्हणाले, आणि झोपले. उरलेला मी उभ्यानंच कढईतून खाल्ला. तेवढ्यात रस्त्यावरून मिरवणूक आली, ताशे, गुलाल, माझ्याच निशाणीची. यांची झोप मोडेल म्हणून मी खिडकी लावून घेतली.