जाऊबाई आणि झोपलेला थर्मामीटर

कुठलंही यंत्र मुकाट्याने बिघडत नाही, आपणच त्याचं ऐकत नाही, असं ठामपणे मानणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती माझी मोठी जाऊ निघाली हे माझं भाग्य. त्या कळसाडीला राहतात. शहाद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, पण निवृत्त झाल्या त्या फक्त शाळेच्या घंटेपासून. घरच्या मिक्सरपासून उसातल्या मोटारीपर्यंत प्रत्येक यंत्राला त्या उलटा हात लावून बघतात, जसा आपण लेकराच्या कपाळाला लावतो. एका लग्नात भर पंगतीतून उठल्या, कारण कोपऱ्यातला कूलर त्यांना कण्हताना ऐकू आला. कूलर सुधारला, पण घरच्या सगळ्यांच्या फोटोत ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या जाऊबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे आहेत. वधूपित्याने तो फोटो लपवून ठेवलाय. जाऊबाईंनी भिंतीवर लावलाय.

साठी उलटल्यावर त्या लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली शिकल्या, तेही स्वतःच, वहीत टिपणं काढत; माझ्या लॅपटॉपवरही तीच आहे. त्याचा उपयोग मला गेल्या उन्हाळ्यात झाला. मी तळोद्याच्या वर एका आश्रमशाळेत शिकवते. पहिलीच्या मुलांना घरची पावरी बोली कळते, पुस्तकातली मराठी नाही; म्हणून पाड्यावरच्या एका म्हातारीच्या तोंडून मी तीन वर्षं गोष्टी रेकॉर्ड केल्या. पुढे म्हातारी वारली. गोष्टी तेवढ्या माझ्या लॅपटॉपवर राहिल्या, आणि दुसरीकडे कुठेच उतरवल्या नाहीत हा मूर्खपणा माझा. तोच लॅपटॉप झाकण लावून उघडला की तव्यासारखा तापून बंद पडू लागला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेलाय, नवा घ्या." आतलं सगळं जळेल या भीतीने मी तो सुरूच करेना. जीप धरून कळसाडी गाठली.

जाऊबाईंनी स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही. आधी चौकशी.

"पुरा बंद करीसन चालू करं तं पंखा फिरस का?"

"फिरतो, ताई."

"आन नुसतं झाकण लाईसन उघाडं तं?"

"मग नाही फिरत."

"मंग बोर्ड कसा जाई व?"

त्यांनी लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू केला. पंखा फिरला. सगळ्यात आधी त्यांनी सगळ्या गोष्टी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, आणि तेवढा वेळ मला यथेच्छ झापलं. मग झाकण लावलं, उघडलं, पडद्यावर तापमानाचा आकडा आणला. अठ्ठेचाळीस. लॅपटॉप मांडीवर धरवेना, तरी अठ्ठेचाळीसच. जाऊबाईंचा चेहरा उजळला.

"दख, हाई उठनं, पन याना थर्मामीटर अजून जपेल शे!" जपेल म्हणजे झोपलेला. "गरम व्हयनं हाई पंखाले सांगाले कोनीच नही."

मग दुपारभर त्या आणि त्यांची वही. तीन उपाय फसले. चहा दोनदा गार झाला. चौथ्या वेळी, तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा छोटा प्रोग्राम त्यांनी काढून पुन्हा बसवला, तसा आकडा एकदम ऐंशीच्या पुढे उडाला आणि पंखा घरघरत सुटला. "उठना रे बाप्पा!" म्हणत जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या. लॅपटॉप जागा होईल तेव्हा हे आपोआप घडावं म्हणून चार ओळी लिहून ठेवल्या. त्यानंतर तो कधी तापून बंद पडला नाही.

निघताना म्हणाल्या, "त्या म्हातारीनी एक गोष्ट तरी आयकाड." मी लावली. जाऊबाईंना पावरी जेमतेम कळते. पण लॅपटॉपला कान लावून त्या तो कापरा आवाज ऐकू लागल्या.

"मन्ही मायना आवाज मन्हाकडे नही शे व," त्या म्हणाल्या. "कसा व्हता, आते याद बी येत नही."

मी गोष्ट थांबवायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बोलू दे तिले."