अक्का सिस्टर होणार होती

माझी मोठी बहीण, अक्का, हिला सिस्टर, म्हणजे लग्न न करता मठात राहणारी संन्यासिनी, व्हायचं आहे, असं मी एकदा एका भल्या माणसाला सांगितलं. ते खोटं होतं. वडील नुकतेच गेले होते, आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती आणि माझी नोकरी दिवसभर फिरतीची होती. पाचोडकडचे धर्मशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, अक्कासाठी स्थळ घेऊन आले. ती आत आईला भरवत होती. मी आवाज खाली आणून म्हणालो, "तिचा ओढा कॉन्व्हेंटकडं आहे, मास्तर."

मास्तरांनी कप खाली ठेवला, छातीवर क्रूसाची खूण केली. "देवाचं बोलावणं असंल तर आपुन कोण मधी येणार?" त्यांनी ही आनंदाची बातमी आमच्या सगळ्या लोकांत पोचवली. त्यानंतर स्थळ आलं नाही.

लोकांना ते पटलंही, कारण अक्का भाविक होती. पण तिची भक्ती खाली मान घालून बसणारी नव्हती. छावणीतल्या चर्चमध्ये ती सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, जरा बेसूरच गायची. देवाशी बोलायची ते शेजारणीशी बोलावं तसं. भाकरी करपली तर भिंतीवरच्या क्रूसाकडं बघून म्हणायची, "आता तूच खा ही." दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला, मी तिला स्कूटरवर सोडायचो. काय मागतेस, असं विचारलं तर म्हणायची, "तुला काय करायचंय? आमचं भांडण चालूय."

आई गेली, तेव्हाही मी मास्तरांना खरं सांगितलं नाही. माझंही लग्न राहून गेलं होतं. घरात दोघंच, आणि मला रोज गरम जेवण मिळत होतं.

अक्कानं पन्नाशी ओलांडली त्या वर्षी गंगापूरकडचा एक विधुर, निवृत्त मेकॅनिक, चर्चच्या गायनात ढोलकी वाजवायला येऊ लागला. त्यानं तिला सरळ विचारलं, "तुम्ही सिस्टर होणार होता म्हणं. मग काय झालं?" अक्का हसत घरी आली. "ऐकलंस का बाबू, मी सिस्टर होणार होते! आणि मलाच पत्ता नाय. कुणी उठवलं असंल रे?"

मी ताटातून मान वर केली नाही. "लोकांना उद्योग नसतो," म्हणालो.

तिनं लग्न ठरवलं. साडीसाठी आम्ही गुलमंडीत गेलो. दुकानदार बुचकळ्यात पडला. "बाजी, शादी के लिए सफेद?" अक्का म्हणाली, "हमारे में सफेदच चलती, भाई. मगर जरी भरपूर होना. बुड्ढी नहीं हुई मैं."

लग्नाआधी रीतीप्रमाणे तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारली. "कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर कळवावं," असं फादर म्हणत तेव्हा मी बुटांकडं बघत बसे. माझं पाप मी त्यांच्यापाशी आधीच कबूल केलं होतं. क्षमेची प्रार्थना झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं होतं, "बहिणीला सांगितलंत?"

लग्नाच्या दिवशी वेदीपर्यंत मीच तिला नेलं. माझी पावलं भराभर पडत होती. "सावकाश की," ती कुजबुजली, "एवढी वर्षं थांबले, आता काय घाई?" फादरांनी क्रूस असलेल्या मंगळसूत्राला आशीर्वाद दिला. नवरीनं गायचं नसतं, असं बायकांनी बजावलं होतं, तरी शेवटच्या गीताला तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. नवरदेवानं हसत बाकावर ठेका धरला. इतकी आनंदी मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि तो आनंद तिला पंचवीस वर्षं उशिरा मिळत होता.

ती सासरी गेल्यावर घरात माझ्याच चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला. एकट्यापुरतं पीठ किती मळायचं, तेही मला ठाऊक नव्हतं. महिनाभरानं मी गंगापूरला गेलो. ती मेथी निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि मास्तरांना काय सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, आईचं कारण आणि त्यानंतरचं माझं कारणसुद्धा.

तिचे हात थांबले. तिनं जुडी बाजूला ठेवली.

"म्हणजे स्थळ येत नाही म्हणून दर बुधवारी मी देवाला उगाच बोल लावला," ती म्हणाली. "आणि स्कूटरवर पुढं तू बसलेला."

"व्हय," मी म्हणालो. "ते भांडण माझ्याशी करायचं होतंस. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर."