फोटोतली बकरी

परवा आमच्या भाजीवाल्या रामहीनबाईनं मले तिच्या गावी नेलं. मी सांगून राहिली, नात टाइप करून राहिली... चुकलं तर तिले बोला. मले अक्षर येत नाही, दिसतं मात्र सगळं.

रामहीन मरोदा वस्तीतल्या आमच्या क्वार्टरात टोपली घेऊन येते. एकटी बाई, घरामागं भाजीची इवलीशी बाडी, आता गुडघेही गेले. बकरी मिळाली तर डोक्यावरची टोपली उतरेल, म्हणून अंगणात छप्पर बांधून बसली होती.

एक संस्था गावातल्या बायांना बकऱ्या देणार होती. कार्यक्रम रामहीनच्याच अंगणात. बॅनर मोठा, खुर्च्या, समोसे... अन् बकरी एकच!

एकेक बाई यायची, दोरी धरायची, फोटो निघायचा. लगेच संस्थेच्या साहेबांचा माणूस दोरी ओढून पुढच्या बाईच्या हाती द्यायचा. तीच बकरी, तोच पांढरा कान... हसून हसून बायांचे गाल दुखले असतील, हाती काही नाही!

माझं डोकं फिरलं. "साहेब, दिलेली बकरी वापस कावून घेता?"

"माताजी, ये तो सॅम्पल है. बाकी बाद में आएँगी."

"मग फोटोही बादमेंच काढा ना! सॅम्पलच्या नवरीसंग वरात काढता का?"

सगळे हसले. साहेबही हसले... ते जास्त झोंबलं.

रामहीनची पाळी शेवटी आली. तिनं दोरी धरली अन् माझ्याकडे पाहिलं. नवं जनावर दारात आलं की आपण पायावर पाणी घालतो, टिळा लावतो. मग ते घरचं झालं, परत धाडत नाहीत. तिच्याकडेही तीच रीत.

मी एवढंच केलं, देवाशपथ. फक्त माझा पाण्याचा फिरकीचा तांब्या उघडून तिच्या हाती दिला.

तिनं बकरीचे पाय धुतले, हळदीचा टिळा लावला. माणूस दोरीला हात घालतो तोच साऱ्या बाया त्यांच्या बोलीत ओरडल्या, "गोड़ धोवा गे साहेब! अब ए हर घर के लछमी आय!"

साहेबही इथलेच. पाय धुतलेली लक्ष्मी ओढायची त्यांची छाती झाली नाही.

बकरी छपराखाली बांधली गेली. बाकीच्या बायांनी तिथंच ठरवलं, आधी बकरी, मग फोटो. त्यांच्या बकऱ्या अजून आल्या नाहीत.

नात म्हणते, आजी, तांब्या विसरलीस. विसरली नाही गं... ठेवून आली. अजून बऱ्याच बकऱ्यांचे पाय धुवायचे आहेत.