स्वप्नगुलाब फिनेलचा ठराव

आता चहा येईस्तोवर तुमाला माझ्या अकलेचं प्रदर्शनच दाखवतो. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारे लई बघितले असतील तुमी. पण मी तो दोनदा मारला, आन् दोन्ही वेळेला हात वर करून!

गावात केबल टीव्ही नुकता आला होता तवाची गोष्ट. सांगवीजवळ आमचं गाव. वडलांपतुर घरात मेंढरं होती. माळावर मेंढरं पसरली की काठीला टेकून तासन् तास स्वप्नं बघायची, हे आमचं खानदानी काम. पुढं मेंढरं गेली, पण ती सवय काय सुटली न्हाय.

शेवटची मेंढरं विकली आन् फिनेलचा धंदा काढला. घरीच बनवायचं, आठवडी बाजारात विकायचं. एकदा हिवाळ्याच्या उन्हात बसल्या बसल्या मनात आलं, फिनेलला फिनेलचाच वास कशाला पायजे? गुलाबाचा का नको? घातला वास. मग रंगबी गुलाबी केला. बारामतीच्या भंगारवाल्याकडनं सरबताच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, शेडभर. नाव ठेवलं, स्वप्नगुलाब!

माझी बायको, सुमन, म्हणाली, "अवो, ह्ये दिसतंय सरबतच की. कुणीतरी पिऊन बसंल!"

"तुला सौंदर्यदृष्टी न्हाय," मी म्हणलो.

पंधरवडाबी झाला नसंल. सरपंच आबांकडं जावईबापू आले. कुणीतरी घाईत स्वप्नगुलाब पाण्यात ओतलं आन् ग्लास पुढं केला. जावईबापूंनी एक घोट घेतला न् असा फुर्रकन उडवला, की आबांचं पांढरं धोतर गुलाबी झालं! जीव वाचला बिचाऱ्याचा, पण चार दिवस बोलायला लागला की गुलाबाचा घमघमाट.

आबांनी ग्रामसभा लावली. आता आमच्या सभा तुमाला म्हायती हायतच. सोसायटीची असो, डेअरीची असो, जेवण झाल्यावर सभा. पुढं कुणीतरी कागद वाचतंय, मागं आमी पेंगतोय. ‘मंजूर?’ एवढं कानावर पडलं की हात वर, ‘मंजूर! मंजूर!’ काय मंजूर झालं ते चहा पिताना कळतं.

त्या दिवशी मंदिरापुढं लिंबाची गार सावली होती. ग्रामसेवकाचा आवाज कसा, भुंगा फिरावा तसा. माझं डोळं मिटलं. बघतो तर काय, कालव्यातनं गुलाबी पाणी चाललंय, काठावर माझा कारखाना, सारा तालुका सुगंधात न्हातोय...

"मंजूर?"

"मंजूर!" सगळ्यात मोठा आवाज माझाच.

चहा घेताना आबा जवळ आले. "शाब्बास रं पठ्ठ्या! अनुमोदक म्हणून तुझंच नाव घातलंय."

"कशाला, आबा?"

"सरबताच्या बाटलीत फिनेल विकायचं न्हाय. झाकण पोरांना सहज उघडंल असं नगं. बाटलीवर कवटीचं चित्र. रंग बंद, वास बंद. उद्यापासनं!"

चहाचा कप तसाच खाली ठेवला मी. शेडभर बाटल्या, राव! शेवटच्या मेंढरांचं पैसं होतं त्यात!

गेलो बारामतीच्या कोर्टात. वकीलसाहेब हुशार. म्हणाले, "काळजी करू नका, नियम मोघम आहे. ‘सहज उघडंल’ म्हणजे काय? तपासायचं कुणी, कसं? आणि जुन्या मालाला मुदतच नाही!"

तारखेला अख्खं गाव हजर. मागच्या बाकांवर आबा आन् सगळी मंडळी. जजसाहेब पंचायतीला म्हणाले, "नियम करण्याचा अधिकार तुम्हाला आहे. पण नियम स्पष्ट हवा आणि लोकांना वेळ द्यायला हवा. हा असा टिकणार नाही."

वकिलांनी मला डोळा मारला. जिंकलो की ओ! पोट भरलेलं, वर पंखा कुरकुरतोय, खिडकीतनं तिरपं ऊन पायावर पडलंय. लांब कुठंतरी वकिलांची बोलणी चाललेली. डोळं मिटून मी निघालो. गुलाबी कालवा, काठानं मांडव, मला फेटा बांधतायत, जावईबापू स्वतः हार घालतायत. कुणीतरी मायेनं विचारतंय...

"वादींना मंजूर?"

"मंजूर! मंजूर! एकमतानं मंजूर!" दोन्ही हात वर. मागनं अख्ख्या गावानं सवयीनं हात वर केलं, "मंजूर!" वर टाळ्याबी वाजवल्या.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "ही ग्रामसभा नाही!"

वकीलसाहेब कपाळ धरून खाली बसले. पंचायतीनं तिथल्या तिथं नियम सुधारून तडजोड मांडली होती. दाबून फिरवल्याशिवाय उघडणार न्हाय असंच झाकण पायजे, आन् माझ्या सगळ्या बाटल्या महिन्यात भंगारात.

जजसाहेब भला माणूस. म्हणाले, "पुन्हा वाचतो. नीट ऐका. नसेल मान्य तर स्पष्ट नाही म्हणा."

आता न्हाय म्हणायला काय झालं होतं? पण मागं अख्खं गाव, आबा मिशीत हसतायत, आन् आताच एकमतानं मंजूर म्हणून वरडलेला मी! लाजेनं जीभच उचलंना. मान तेवढी हलली, आन् तीबी उभी.

घरी आलो. घसा कोरडा, डोकं सुन्न. सैपाकघरात फळीवर बाटली दिसली. ग्लासात ओतली, पाणी घातलं. गुलाबाचा काय वास सुटला! डोळं मिटलं, ग्लास तोंडाला लावणार, तेवढ्यात सुमननं असा फटका हाणला की ग्लास चुलीपाशी.

"अवो, फिनेल हाय ते! फरशी पुसायला आणलंवतं!"

मी खालीच बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आन् आवाजात इस्तव.

"आता सांगा, पंचायतीचा नियम बरोबर हाय का न्हाय?"

मी हळूच हात वर केला. "मंजूर."

आयुष्यात जागेपणी मंजूर केलेला माझा हा एकुलता एक ठराव. सभेला हजर एकच बाई, आन् तिनंबी टाळ्या वाजवल्या न्हाईत. फडकं माझ्या हातात दिलं.