एक कोटी एक

आकडा दिसला की त्याचे अवयव पाडायचे, ही आमच्या घरची शिस्त. बाबा गणिताचे प्राध्यापक. निवृत्त झाले तरी खोड जाईना. संध्याकाळच्या चहाला नारायण पेठेतल्या आमच्या गॅलरीतून ते खालच्या एखाद्या स्कूटरचा नंबर वाचायचे, आणि ज्याला अवयव जमणार नाहीत त्याने कपबशा विसळायच्या. हरायची कायम आई. तिला उत्तर येत नसे असं नाही, आमचा घोळ एकदाचा संपावा म्हणून ती उठायची.

मी कॉलेजात गणित शिकवायची नोकरी सोडली आणि खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत गेले. "कारकुनीच ती. एसीतली," बाबा म्हणाले आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. मग सगळा कारभार आईमार्फत. मी समोर बसलेली असताना, "तिला सांग, चहा गार होतोय." आई वैतागायची, "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का?" पण निरोप पोचवायची.

कंपनीने मला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. विमानाची तारीख जवळ आली तरी बाबा ढिम्म. असंच, न बोलता निघून जायचं? शेवटी डोकं चालवलं. या माणसाला एक वेळ उपास सहन होईल, चुकीचं गणित नाही.

चहा घेताना मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "आई, एक कोटी एक ही मूळ संख्या आहे बरं का. कशानेच भाग जात नाही तिला."

"असेल बाई," आई म्हणाली.

पेपरामागून आवाज आला, "अकरा."

मी चहाचा घोट घेतला.

"एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा कर. दोन्ही एक. सारख्या आल्या, म्हणजे अकराने भाग जातो. शाळेतलं पोर सांगेल." पेपर खाली आला. "आणि तुला हे चांगलं माहीत आहे. थापा मारायचा पगार देतात का तिथे?"

"हो," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. बाबा गडबडले, उगाच पेपरची घडी घालत बसले.

निघायच्या दिवशी माझी बॅग त्यांनीच रिक्षात ठेवली. "अकराने भागून नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव येतात. त्याचे पुढे अवयव पडतात का बघ. पोचलीस की फोन करून सांग."

संगणकाला हे चुटकीसरशी होणारं काम. "त्यात काय, आत्ताच..." मी म्हणणार, तोच आईने मला असा चिमटा काढला!

पोचल्या पोचल्या फोन लावला. पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला.

"बाबा, नाही पडत अवयव. मूळ संख्याच आहे ती."

"माहीत आहे. तू गेल्यावर कागदावर करून बघितलं मी."

"मग?"

"मग काय मग? बोल की तू."